काशीला जातेयस ना, मग एक दिवस सारनाथला दे

काशीची तिकिटं झाली म्हणालीस आणि लगेच यादी वाचून दाखवलीस. विश्वनाथ, कालभैरव, गंगापूजन, आरती, सासूबाईंची बनारसी, शेजारपाजारच्यांसाठी गंगेचे गडू. ऐकूनच मला धाप लागली गं! आता माझं एक ऐक. त्यातला एक अख्खा दिवस सारनाथला दे. तासाभरात उरकून परत, असं करू नकोस. शुक्रवार तेवढा टाळ, त्या दिवशी तिथलं संग्रहालय बंद असतं. कॅलेंडर काढ आणि आत्ताच खूण कर बघू.

अंतर जेमतेम दहा किलोमीटर. कचोरी-जिलेबी खाऊन रिक्षेनं निघालात तरी नऊला, म्हणजे दार उघडतानाच पोचाल. मोठी पिशवी हॉटेलवरच राहू दे. फोन आत नेऊ देतात का ते तिकीट खिडकीवरच विचारून घे, म्हणजे दारात हुज्जत नको. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा घोर लावून घेऊ नकोस. पाचच दालनं आहेत, आणि दमले तर बसतील की बाहेर झाडाखाली. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे असा काही नेम नाही.

खरं सांगू का, आपण संग्रहालयात दमतो ते प्रत्येक पाटी वाचत बसल्यामुळे. तू तीनच गोष्टी मनापासून बघ. बाकीच्यांवरून नुसती नजर फिरव.

पहिले अर्थात सिंह. आत शिरलीस की समोरच. लेकाच्या हातात एक नाणं दे आणि म्हण, शोध बघू फरक. नाण्यावर तीन सिंह, इथे पाठीला पाठ लावलेले चार. नाण्यावर खालच्या पट्टीत बैल आणि घोडा एवढेच दिसतात. हत्ती आणि चौथा छोटा सिंह बघायला त्याला भोवती फेरी मारावी लागेल. तू मात्र दगडाकडे बघ. चुनारचा वालुकाश्म आहे, आणि बावीसशे वर्षांनंतरही त्याची झिलई टिकून आहे. अशोकाच्या स्तंभाचा हा माथा १९०५ साली ओएर्टेल यांच्या उत्खननात सापडला आणि २६ जानेवारी १९५० ला आपली राजमुद्रा झाला. सिंहांच्या डोक्यावर पूर्वी मोठं चक्र होतं, त्याचे फक्त तुकडे उरलेत.

मग तांबड्या दगडाचा उंचापुरा बोधिसत्त्व. हा मथुरेचा. कनिष्क राजाच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी बल नावाच्या भिक्षूनं तो इथे बसवला. त्याची दगडी छत्रीही तिथेच आहे, केवढी थोरली! तिच्यावर कोरलेली मंगलचिन्हं सासूबाईंना दाखव. स्वस्तिक ओळखीचं निघालं की त्या आपणच पुढची शोधायला लागतील, आणि तुला तेवढीच उसंत.

ती उसंत तिसऱ्या मूर्तीसाठी ठेव. पाचव्या शतकातला, गुप्तकाळातला बुद्ध, पहिलं प्रवचन देणारा. दोन्ही हात छातीशी, बोटं जुळलेली, पापण्या खाली. सगळे तो चेहरा बघतात नि पुढे सरकतात. तू वाकून खाली, बैठकीवर बघ. मधे चक्र, दोन हरणं, पाच शिष्य, आणि त्यांच्या जोडीला एक बाई, बरोबर तिचं मूल. मूर्ती दान करणारी तीच असावी असं जाणकार मानतात. नाव माहीत नाही, पण लेकराला घेऊन ती तिथे आहे बघ, शिष्यांच्या पंगतीत. तिथे जरा थांब. तहान, भूक, शू, काय असेल ते दहा मिनिटं नवऱ्याला बघू दे. जमतं त्यांना.

मग उत्खननाच्या जागेत जा. क्रम उलटा करू नकोस हं, कारण सिंह बघून गेलीस तरच तिथला स्तंभाचा तुटका बुंधा काही बोलतो. जवळच धर्मराजिका स्तूपाचा नुसता पाया दिसेल. १७९४ मध्ये काशीच्या जगतसिंह नावाच्या बड्या असामीच्या माणसांनी विटांसाठी तो स्तूप उकरला. आत अस्थींची पेटी निघाली, तर अस्थी गंगेत सोडून दिल्या. मला अजून राग येतो त्याचा. समोरचा धमेक स्तूप मात्र त्रेचाळीस मीटरचा, भक्कम उभा आहे. त्याच्या खालच्या अंगावरची वेलबुट्टी जवळ जाऊन बघ. एखादी वेल अधेमधे झिजलीय, एखादी काल कोरल्यासारखी आहे.

एवढं झालं की जेवा, हिरवळीवर बसा, लेकाला धावू दे. संध्याकाळी धावतपळत आरती गाठायच्या भानगडीत पडू नकोस. सासूबाई कुरकुरतील, तर सांग, आरती रोज असते, उद्या लवकर जाऊन पुढची जागा धरू.