कोंड्याचा मांडा आणि त्याचा पूर्ण हिशेब

महागाईचा विषय निघाला की सत्संगानंतरच्या गप्पांत एक वाक्य हमखास येते : "पूर्वीच्या बायका कोंड्याचा मांडा करायच्या." कौतुकाने म्हटलेले असते आणि कौतुक योग्यच आहे. पण तो मांडा कुणी खाल्ला आणि कुणाच्या ताटापर्यंत तो पोहोचलाच नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. हिशेबाची एकच बाजू लिहिलेली दिसली की चैन पडत नाही. म्हणून या पाठात टंचाईच्या काळातील स्वयंपाकाच्या दोन्ही बाजू पाहू.

सुरुवात मी राहते त्या झाशीपासून करते. इथला सदर बाजार हा छावणीचा बाजार. तिथल्या किराणा दुकानात हल्ली कोदो चकचकीत पाकिटात मिळतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून त्याला मान आला आहे. आपल्याकडे यालाच कोद्रा किंवा हरीक म्हणतात. एके काळी हे बुंदेलखंडातील गरिबाचे धान्य होते. पाऊस कमी पडला तरी ते हलक्या जमिनीत येते आणि टरफलासकट ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते. पाऊस हुलकावणी देणाऱ्या प्रदेशात ही मोठीच सोय. १८६८-६९ आणि १८९६-९७ या दोन्ही दुष्काळांत बुंदेलखंड होरपळला होता.

अशा वर्षांत मोहाचे झाड घर सांभाळायचे. चैत्रात पहाटे गळणारी फुले वेचून वाळवली की वर्षभर पुरतात. वाळलेली फुले भिजवून, हरभऱ्याबरोबर शिजवून दाट 'डुबरी' होते. भाजलेली फुले तिळाबरोबर कुटली की 'लटा' होतो. गूळ-साखर विकत न घेता गोड आणि पोटभरीचे खाणे. बोरे वाळवून कुटली की 'बिरचुन', ते पाण्यात कालवायचे. ताकात शिजवलेली ज्वारी म्हणजे 'महेरी'. आपल्या आंबिलाशी तिचे नाते लगेच ओळखू येते. बेसन घाटून थापलेला 'थोपा' तर पाटवडीचा सख्खा भाऊच! नेवाळकरांच्या काळात कोकणातून आणि देशावरून मराठी घराणी इथे आली. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले, १८५८ मध्ये शहर लुटले गेले, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा आधार गेला. जी इथेच राहिली, त्यांच्या वंशजांच्या स्वयंपाकघरात आजही कटाची आमटी आणि महेरी शेजारी-शेजारी शिजतात.

कटाच्या आमटीकडे नीट पाहा. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वर जे पाणी उरते, ते टाकायचे नाही. त्याला फोडणी, थोडी चिंच, थोडा गूळ. सणाच्या दिवशी एक जास्तीचा पदार्थ जवळजवळ फुकट. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, फोडणीची पोळी, शिळ्या भाकरीचा कुस्करा, सगळ्यांत हीच दृष्टी दिसते. जळणाचाही असाच विचार होता. तव्यावरची शेवटची भाकरी उतरली की आहारावर वांगे भाजायला ठेवायचे आणि उरलेल्या धगीवर पाणी तापवायचे. शहरात भुशाची शेगडी असायची. एकदा ठासून भरली की वरण, भात, भाजी एकामागून एक होऊन जाई. पदार्थांचा क्रम विस्तवाकडे बघून ठरायचा, भुकेकडे बघून नव्हे. ही कला खरीच शिकण्यासारखी आहे. यात कुणाचे काही कमी होत नाही, फक्त वाया जाणारे वाचते.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना १९७२ म्हटले की 'मिलो' आठवतो. घरची ज्वारी संपली होती, तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेली ही लाल ज्वारी मिळायची. भाकरी लालसर, चव परकी, पण चूल पेटती राहिली. माळरानावरची घोळ, तांदुळजा, अंबाडी आणि हुलग्याचे माडगे यांवर घरे निघाली. दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख मजूर होते, त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. तिथे सुकडीही वाटली जाई. हा अनुभव पुढे रोजगार हमीच्या कायद्यामागे उभा राहिला. तो दुष्काळ नुसत्या काटकसरीने निभावला, असे म्हणणे मला पटत नाही. हातात मजुरी आणि दुकानात धान्य होते, म्हणून काटकसरीला काही अर्थ उरला.

ही दोन्ही नसतात तेव्हा काय होते, याचे उदाहरण झाशीच्या दक्षिणेला सागर जिल्ह्यात घडले. विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी त्या भागात होता. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींत तो लिहितो, की १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अपुऱ्या पावसाने आणि १८३१ मध्ये रोगाने गहू गेला. त्या पडझडीत एकच पीक तग धरून राहिले. तिवडा, म्हणजे आपली लाखोळी डाळ. गरिबांनी पोटभर तीच खाल्ली. १८३३ पासून गावातील तरुण मुलांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. या डाळीत असा एक घटक असतो, की तीच महिनोन्महिने मुख्य अन्न झाली तर पायांच्या नसा निकामी होतात. भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी फेकले तर तो बराच कमी होतो. पण टंचाईच्या वर्षी पाणी आणि जळण तरी कुठून आणणार? चूल चालली, धान्याचा खर्च वाचला आणि किंमत मुलांच्या पायांनी दिली.

घराघरात अशी एक न लिहिलेली नोंद असतेच. आमच्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी घरातील बायका सर्वांची पंगत उठल्यावर बसायच्या. भाजी संपली तर मीठ-भाकरी, भाकरी संपली तर ताक. "मला भूक नाही" हे वाक्य त्यांनी आईच्या तोंडून इतके ऐकले, की बरीच वर्षे त्यांना ते खरेच वाटायचे. कोदो कांडायचा तोही तिनेच, पहाटे उठून. धान्य स्वस्त होते कारण तिच्या कष्टांचे पैसे कुणी लावलेच नव्हते. आपण याला त्याग म्हणतो. त्याग स्वतःहून केलेला असतो. इथे तिला कुणी विचारले होते का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले, पुरुषांत २५ टक्के. कारणे अनेक आहेत, पण शेवटी जेवण्याची रीत त्यांतून वगळता येणार नाही.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते मला याच कारणाने वेगळे वाटते. युद्धाचे वर्ष होते, पाऊस दगा देत होता, गहू परदेशातून येत होता. सोमवारी संध्याकाळी उपाहारगृहेही बंद राहिली. चूल सर्वांसाठीच पेटायची नाही. कर्ता पुरुष, सून, पाहुणा, सगळे सारखेच उपाशी. आजारी माणसे आणि लहान मुले सोडून. वार ठरलेला, वेळ ठरलेली, आणि मंगळवारी सकाळी सर्वांना जेवण.

या पाठाचा अभ्यास घरीच करायचा आहे. सात दिवस एक वही स्वयंपाकघरात ठेवा. डाव्या पानावर काय वाचवले ते लिहा : शिरा, साली, कट, शिळी पोळी, गॅसची मिनिटे. उजव्या पानावर रोज दोनच गोष्टी लिहा. आज सर्वांत शेवटी कोण जेवले, आणि त्या वेळी भांड्यात काय उरले होते. उजवे पान घरातील पुरुषांनी भरावे. सातव्या दिवशी दोन्ही पाने सर्वांसमोर मोठ्याने वाचा. वाचताना ताटे वाढून घ्या, आणि त्या दिवशी वाढण्याचे काम आठवडाभर जे सर्वांत आधी जेवले त्यांच्याकडे द्या.