आधी मीटर, मग पाना

साताऱ्यात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. वीस वर्षं पेट्रोलच्या गाड्या केल्या. टॅपेट वाजतंय की चेन, ते गाडी दारात थांबायच्या आत कानाला कळायचं. मग इलेक्ट्रिक स्कूटर यायला लागल्या आणि कानाचं काम संपलं. पुण्याला जाऊन प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घेतलं, त्याला आता तीन वर्षं झाली. तिथे शिकलेलं आणि नंतर गॅरेजात ठेच लागून कळलेलं, दोन्ही इथे सांगतो.

१. अंगठी, घड्याळ, कडं आधी काढा.
पहिल्याच दिवशी सरांनी एक पाना सगळ्यांच्या हातातून फिरवला. त्याच्या तोंडाचा वाटाण्याएवढा तुकडा वितळून गेला होता. ६० व्होल्टच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर तो क्षणभर आडवा पडला होता, एवढंच. शॉर्ट झालं की शेकडो अँपिअर करंट धावतो. पान्याच्या जागी अंगठी असती तर बोटच गेलं असतं. बहुतेक इलेक्ट्रिक चारचाकींत तर ३०० ते ४०० व्होल्ट असतात. नारिंगी केबल दिसली, की त्या व्होल्टेजचे रबरी हातमोजे आणि तसं शिक्षण असल्याशिवाय हात लावायचा नाही.

२. बॅटरी काढली म्हणजे करंट गेला असं नव्हे.
मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो. मीटर लावा, आकडा शून्याजवळ आलेला डोळ्यांनी पाहा. आला नसेल तर रेझिस्टर लावून उतरवा. पाना टेकवून ठिणगी पाडायची सवय सोडा.

३. मीटरने सांगितल्याशिवाय पार्ट बदलू नका.
एका दूधवाल्यांची स्कूटर आली. डिस्प्ले चालू, पण चाक हलेना. मी कंट्रोलर गेला असं धरून नवा बसवला. तरी गाडी तशीच. दोन दिवस त्यांनी सायकलवर दूध घातलं. तिसऱ्या दिवशी मी गाडीच्या मागे गेलो, तर ब्रेक लाइट पेटलेला. लिव्हरचा स्विच मातीने अडकला होता आणि ब्रेक दाबलेला आहे असं समजून कंट्रोलर मोटर बंद ठेवत होता. स्विच साफ केला, चाक फिरलं. नवा कंट्रोलर काढून घेतला, पैसे परत दिले. त्यांचे दोन दिवस मात्र परत देता आले नाहीत.

४. तपासणीचा क्रम मोडू नका.
आधी फ्यूज आणि बॅटरीचं व्होल्टेज, मग ब्रेक स्विच, मग थ्रॉटल. बहुतेक थ्रॉटलला ५ व्होल्ट मिळतात आणि सिग्नल सोडलेल्या मुठीला एक व्होल्टच्या आसपास, पूर्ण पिळल्यावर चारच्या आसपास दिसतो. मग मोटरचे हॉल सेन्सर. चाक हाताने हळू फिरवा, त्यांच्या तिन्ही सिग्नल वायरींवर आकडा आळीपाळीने खाली-वर झाला पाहिजे. एखादा हललाच नाही, तर दोष सापडला. कंट्रोलरची पाळी सगळ्यात शेवटी, कारण तो महाग असतो आणि बहुतेक वेळा बिनदोष निघतो.

५. बॅटरी भार देऊन मोजा.
एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. असे १६ एकापुढे एक जोडले की ५१.२. गाडी उभी असताना सगळे सेल चांगलेच दिसतात. भार दिला की कमजोर सेल एकटा खाली कोसळतो आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, सगळी बॅटरी बंद करतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘बीएमएस बायपास करा, गाडी चालेल.’ चालेलही, पण ही राखण काढली तर आग लागू शकते. अशा वेळी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

६. पावसाळ्यात आधी कनेक्टर उघडा.
मेढा, महाबळेश्वरकडून येणाऱ्या गाड्यांत पिना हिरव्या पडलेल्या असतात. ‘कम्युनिकेशन’चा एरर आला की गाडीचा पुरवठा बंद करून कॅनच्या, म्हणजे गाडीतले भाग ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहम आला तर ठीक. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर सुटली आहे. कितीदा तरी एक पिन साफ केल्यावर हजारोंचा खर्च वाचला आहे.

७. आलेला आकडा वहीत लिहा आणि पोरांना वाचू द्या.
माझ्या वहीत गाडीची तक्रार, प्रत्येक आकडा आणि शेवटी सापडलेला दोष असतो. हाताखालचा पोरगा ती रोज वाचतो. मागच्या महिन्यात दारात चार गाड्या उभ्या, मी घाईत कंट्रोलरची वायर ओढायला गेलो. त्याने माझं मनगट धरलं.
‘अण्णा, कपॅसिटर मोजला?’
मोजला नव्हता. मीटरवर ४१ व्होल्ट आले.