लेकराच्या माथी मागचा जन्म नको

आई-बाबांनो, आज जरा अवघड विषयावर बोलायचं आहे. मूल जन्मापासून अधू असलं किंवा सारखं आजारी पडत असलं, की घरात कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, "मांगल्या जल्माचं काही असंन, माय." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मूल तिथंच बसलेलं असतं. त्याला एवढंच कळतं, की आपण काहीतरी पाप केलंय. कोणतं, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

असा न्याय तुम्ही स्वतः घरात कराल का? पोरानं कुणाचा पेन उचलला, तर काय चुकलं ते आपण आधी त्याला सांगतो, मग रागावतो. गुन्हा न सांगताच लेकराला बडवणाऱ्या बापाला अख्खं गाव बोल लावेल. यावर काहीजण म्हणतात, आत्मा तोच आहे, आठवण नसली म्हणून काय झालं? मला हे पटत नाही. चूकच ठाऊक नसेल तर सुधारायचं काय? मग उरतो तो नुसता छळ.

शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं आठवा. 2025 च्या सुरुवातीला तिथं लहानथोरांचे केस झडू लागले, काहींना तर चार-पाच दिवसांत टक्कल पडलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं, नमुने तपासायला गेले. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आपल्या परीनं शोध घेतला, तेव्हा त्यांना रुग्णांच्या रक्तात सेलेनियम फार वाढलेलं आढळलं आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. आता सांगा, इतक्या माणसांची, त्यात पोरासोरांची, वेगवेगळ्या जन्मांतली पापं नेमकी त्याच दिवसांत आणि शेजारशेजारच्या गावांतच कशी काय फळाला आली?

आपल्या खारपाणपट्ट्याचंही तेच. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारं. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे किडनीच्या आजारानं माणूस गमावलेली किती घरं आहेत! भोग आहेत म्हणून सगळेच गप्प बसले असते, तर वान धरणाच्या पाण्यावर 140 गावांची योजना कुणी आखली असती?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नेमकं इथंच बोट ठेवलं. गरीब आणि दलितांची आजची दशा त्यांच्याच पूर्वकर्माचं फळ ठरवली, की समाज आणि राज्यसत्ता दोघांचीही जबाबदारीतून सुटका होते, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या मानलेल्या जातीत जन्म म्हणजे मागची शिक्षा, हे आपल्याच गावांत किती पिढ्यांना ऐकवलं गेलं! ज्यांनी पाणवठे अडवले, त्यांना मात्र कुणी कशाचा जाब विचारला नाही. माझा या कल्पनेवर सगळ्यात मोठा राग आहे तो यासाठी.

तरी एक गोष्ट मी मानतो. तरणा मुलगा गेलेली माय स्वतःशी 'माझे भोग' म्हणते, तेव्हा तिला त्या शब्दाचा आधार असतो. तो कुणी हिसकावू नये. तिनं तो स्वतःच्या दुःखापुरता घेतलेला असतो. आपण तो दुसऱ्याच्या, त्यातही लेकराच्या माथी मारतो तेव्हा त्याचा आरोप होतो.

मग मुलानं विचारलं, "मीच काहून?" तर काय सांगायचं? कारण माहीत असेल तर त्याच्या वयाला झेपेल तसं खरं सांगा. माहीत नसेल तर 'मलाही माहीत नाही' म्हणा, पण त्याच दमात 'तुहं काही चुकलं नाही' हेही म्हणा, आणि एकदाच नाही, पुन्हापुन्हा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत, शाळेत येतं. त्या दिवशी लाजेपायी मुलाला घरी ठेवू नका. दुभंगलेले ओठ, वाकडी पावलं, हृदयाचं छिद्र यांवरच्या उपचारांची वाट तिथूनच सुरू होते. आणि मागच्या जन्माचं बोलणारी घरातली आजी असेल, तर तिला जे सांगायचं ते तिच्याजवळ बसून, मूल झोपल्यावर सांगा. तिचाही जीव त्याच्यात गुंतलेला आहे. त्याच्यासमोर काय बोलायचं नाही, एवढं ती नक्की ऐकेल.