मोफत पासवर्ड मॅनेजर : पेटी दुसऱ्याची, किल्ली आपली

केळशीसारख्या गावातील दुकानदाराचा व्यवहार आता केवळ गल्ल्यावर आणि वहीवर चालत नाही. जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, नेट बँकिंग, ई-मेल, हापूसच्या पेट्यांची मागणी येते ते फेसबुकचे पान, शिवाय गल्फमध्ये असलेल्या मुलाच्या कागदपत्रांची खाती, असे दहा-पंधरा पासवर्ड एका घरात सहज निघतात. ते लक्षात राहत नाहीत म्हणून लोक दोन मार्ग काढतात. एक तर दुकानाचे नाव आणि पुढे जन्मसाल, असा एकच पासवर्ड सगळीकडे. नाही तर उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी. यातील पहिला मार्ग अधिक घातक होय. वही चोरायला चोराला केळशीत यावे लागते. परंतु खरेदीच्या एखाद्या साईटवरून ग्राहकांची यादी फुटली, तर तोच ई-मेल आणि तोच पासवर्ड बँकेपासून जीएसटीपर्यंत सर्व दारांना लावून पाहिला जातो, आणि हे काम संगणक करतो, त्याला कंटाळा येत नाही.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे या सर्व किल्ल्या ठेवण्याची पेटी. प्रत्येक खात्यासाठी तो वेगळा, लांबलचक पासवर्ड स्वतः तयार करतो. आपण फक्त पेटीचा मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. याचा आणखी एक फायदा आहे, ज्याची चर्चा कमी होते. बँकेच्या साईटसारखी हुबेहूब दिसणारी बनावट साईट आपल्या डोळ्यांना फसवते, पण मॅनेजर साईटचा पत्ता तपासतो आणि पत्ता जुळला नाही तर पासवर्ड भरतच नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हाताने टाकण्याची घाई करू नये. आधी पत्ता वाचावा.

आता प्रश्न असा की, फुकट मिळणाऱ्या पेटीवर सगळ्या किल्ल्यांचा भरवसा टाकावा काय? व्यापारी माणसाने येथे व्यापाऱ्याचाच प्रश्न विचारावा : याचे पोट कशावर चालते? कंपनी काही ग्राहकांकडून पैसे घेऊन जादा सोयी देत असेल आणि साधी पेटी मोफत ठेवत असेल, तर हिशोब समजण्यासारखा आहे. ज्या ॲपमागे कोण आहे आणि तो कशावर कमावतो याचा पत्ताच लागत नाही, ते घेऊ नये.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. पेटी कंपनीच्या संगणकावर असली तरी ती उघडणे कंपनीलाही शक्य नसावे. चांगल्या मॅनेजरमध्ये मजकूर आपल्या फोनवरच सांकेतिक रूपात बदलतो आणि मगच बाहेर जातो; मुख्य पासवर्ड कंपनीकडे जात नाही. याची परीक्षा २०२२ साली झाली. लास्टपास या नावाजलेल्या कंपनीत चोर शिरले आणि ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रतीच उचलून घेऊन गेले. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण साईटचे पत्ते उघडे होते, म्हणजे कोणाचे खाते कोठे आहे ते चोरांना दिसले. पुढे ज्याचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्याची पेटी घरी बसून फोडणे शक्य. आणि चोरीनंतर मुख्य पासवर्ड बदलूनही उपयोग नाही, कारण चोराच्या हातातील प्रतीला जुनीच किल्ली लागते. अशा वेळी आतले सगळेच पासवर्ड बदलावे लागतात.

सर्वसाधारण दुकानदारासाठी आमच्या मते बिटवॉर्डन बरा. त्याच्या मोफत भागात पासवर्डच्या संख्येला मर्यादा नाही, फोन आणि संगणक दोन्हींवर चालतो, आणि काही नोंदी दुसऱ्या एका व्यक्तीबरोबर वाटून घेता येतात. बाप-लेकाच्या दुकानाला तेवढे पुरते. त्याचा प्रोग्राम कोणालाही वाचून तपासण्यासाठी खुला आहे. किपास २००३ पासून पूर्ण मोफत आहे आणि त्याची पेटी म्हणजे आपल्याच संगणकावरची एक फाईल. कोणत्याही कंपनीवर विसंबायचे नाही, पण प्रती सांभाळण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात घरांची छपरे नेली, कितीतरी दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. त्या दिवशी फाईलची एकमेव प्रत दुकानातील भिजलेल्या संगणकात असती तर? किपास घ्यायचा असेल तर एक पेनड्राइव्ह दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे हवाच. गूगलचा मॅनेजर अँड्रॉइड फोनमध्ये आयताच असतो आणि काहीच नसण्यापेक्षा केव्हाही चांगला. तथापि तो फोनच्या लॉकने उघडतो, आणि दुकानातील फोनचा पॅटर्न कामावरच्या पोराला, भाच्याला, सगळ्यांना पाठ असतो.

कोणताही घ्या, ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. २०२३ साली किपासच्या नावाने बनावट साईटची जाहिरात खुद्द गूगलवर झळकली होती.

मुख्य पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत. म्हण, शेर किंवा घरच्यांची नावे नकोत. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिणार असाल तर एक अडचण येते : ‘व’ दोन प्रकारे लिहिला जातो, ‘आ’ एकेरीही आणि दुहेरीही. स्पेलिंग एकदाच ठरवून कागदावर लिहावे, बंद पाकिटात घालून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जमिनीच्या कागदांबरोबर ठेवावे आणि घरातील एका जबाबदार माणसाला जागा सांगून ठेवावी. हा पासवर्ड विसरलात तर कंपनी नवा देऊ शकत नाही. जी गोष्ट आपले रक्षण करते तीच येथे आड येते. मालक अचानक आजारी पडला आणि त्याच आठवड्यात विवरणपत्राची मुदत असली, म्हणजे त्या पाकिटाची किंमत कळते.

यूपीआयचा पिन, एटीएमचा पिन या पेटीतही ठेवू नयेत. ते डोक्यातच बरे. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने आलेली फाईल फोनवर चढवली आणि तिला हव्या त्या परवानग्या दिल्या, तर उत्तमातली उत्तम पेटीही कामाची नाही, कारण चोर मग आपल्या खांद्यावरून पाहत असतो. तसे झालेच आणि पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा.

पेटी तयार झाल्यावर सर्व खाती एका दिवसात बदलण्याचा हट्ट नको. पहिल्या दिवशी ई-मेल, कारण इतर बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड तेथेच येतात. त्यानंतर बँक. मग जीएसटी. तेथे पासवर्ड बहुधा कर सल्लागारानेच ठेवलेला असतो आणि पुष्कळदा नोंदीतील ई-मेल व मोबाईल नंबरही त्याचाच असतो. तो माणूस कितीही विश्वासू असो, नोंदणी आपली आहे; नंबर आपला करून घ्यावा, नवा पासवर्ड पेटीत ठेवावा आणि मग हवा तर त्याला कळवावा.