छतावरच्या विजेची जमा-नावे : माप कसे असावे आणि वही केव्हा मिटावी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पाण्याची टंचाई होते, रोजगाराची होते, पण उन्हाची कधी होत नाही. या उन्हाची वीज करून घरखर्च भागवावा असा विचार आता दारव्हा-दिग्रसपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत पुष्कळ घरांत चालला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना आणली. तिच्यात घरगुती मीटरवर 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान ठरले. साहजिकच जो तो पॅनेलचा भाव विचारू लागला आहे.

परंतु व्यापारी माणसाने भावाबरोबर दुसराही प्रश्न विचारला पाहिजे. वीज तयार होते भर दुपारी आणि घरात पंखे-दिवे चालतात संध्याकाळी व रात्री. दुपारी उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते. ती आपल्या खात्यात कोणत्या मापाने जमा होते, यावरच हा सौदा फायद्याचा की तोट्याचा हे ठरते.

तीन प्रकारचे माप

आपल्या कापडाच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. आपण ठोक व्यापाऱ्याकडे दहा तागे ठेवायला दिले आणि गरजेच्या वेळी तेच दहा तागे परत मिळाले, तर ते झाले नेट मीटरिंग. युनिटला युनिट वजा होते.

दुसऱ्या प्रकारात तो म्हणतो, "तुमचे उरलेले तागे मी ठोक भावाने घेतो. तुम्हाला लागतील तेव्हा किरकोळ भावाने न्या." हे नेट बिलिंग.

तिसऱ्या प्रकारात आपला सगळाच माल आधी त्याच्या गोदामात जातो. स्वतःच्या अंगावरच्या सदऱ्याचे कापडसुद्धा आपण किरकोळ भावाने विकत घ्यायचे. हे ग्रॉस मीटरिंग.

आता आकडे मांडू. हिशेब सोपा व्हावा म्हणून दर मनाने धरले आहेत. पहिल्या 100 युनिटला 5 रुपये, पुढच्या युनिटला 10 रुपये आणि कंपनीचा खरेदी दर 3 रुपये. घराचा महिन्याचा खर्च 300 युनिट. 1 किलोवॅट पॅनेल सरासरीने दिवसाला 4 युनिट देते, म्हणजे 2 किलोवॅटचा संच महिन्याला 240 युनिट देईल. त्यातले 80 युनिट दिवसा घरातच वापरले, 160 तारेत गेले आणि रात्री 220 युनिट तारेतून घेतले.

पॅनेल नसताना बिल 2,500 रुपये. नेट मीटरिंगमध्ये 220 मधून 160 गेले, 60 युनिट उरले, बिल 300 रुपये. नेट बिलिंगमध्ये 220 युनिटचे 1,700 रुपये, त्यातून 480 वजा, बिल 1,220 रुपये. ग्रॉस मीटरिंगमध्ये 2,500 मधून 720 वजा, बिल 1,780 रुपये. छत तेच, ऊन तेच, पॅनेलही तेच. बदलले फक्त माप. स्थिर आकार आणि वीज शुल्क यात धरलेले नाही.

नियम काय सांगतात

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने 2015 मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले. 2019 च्या अखेरीस नवे नियम आले, त्यांतही नेट मीटरिंग कायम राहिले. केंद्राच्या डिसेंबर 2020 च्या नियमांत 10 किलोवॅटच्या वरच्या ग्राहकांना ग्रॉस मीटरिंग लावण्याचे ठरले होते. त्यावर उद्योग-व्यापाराकडून ओरड झाली आणि जून 2021 च्या दुरुस्तीने नेट मीटरिंगची मर्यादा 500 किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत नेली. सहा महिन्यांत नियम बदलला, तो बोलल्यामुळे बदलला, हे ध्यानात ठेवावे.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांना तारेत दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाला. जुन्या ग्राहकांचा जुना करार मात्र ठराविक मुदतीपर्यंत पाळला गेला.

कंपनीचीही बाजू ऐकावी

वीज कंपनीचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. दुपारी वीज मुबलक आणि स्वस्त असते. संध्याकाळी मागणी वाढते व वीज महाग पडते. आपण स्वस्त वेळेचा तागा ठेवतो आणि महाग वेळेला परत मागतो. शिवाय खांब, तारा, रोहित्रे यांचा खर्च कोणी तरी भरलाच पाहिजे. ज्याला स्वतःचे छत आहे त्याने तो टाळला, तर बोजा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शिंप्यावर आणि रंगाऱ्यावर येईल. आपल्यातले किती कारागीर भाड्याने राहतात हे सांगायला नको.

म्हणून न्यायाची वाट अशी दिसते. गोदामाचे भाडे हवे असेल तर ते स्थिर आकार म्हणून उघडपणे बिलात मागावे, लहान घरांवर ते हलके ठेवावे आणि मोठ्या संचावर जास्त. पण माप कापू नये. भाडे दिसते, त्यावर वाद घालता येतो. मापातली काट गिऱ्हाइकाला दिसतच नाही.

खरी अडचण तारखेची

आता ज्या गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते ती सांगतो. राज्याच्या नियमांत या हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च असे आहे. महिन्याला उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण वर्षअखेरीला जी शिल्लक असेल ती कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते आणि 1 एप्रिलला खाते शून्यावरून सुरू होते. हा खरेदी दर वरच्या टप्प्यातल्या आपल्या वीजदरापेक्षा पुष्कळ कमी असतो.

विदर्भाच्या हवेशी ही तारीख जुळत नाही. नोव्हेंबर ते मार्च ऊन स्वच्छ असते आणि कूलर बंद असतो, म्हणून युनिट साचतात. एप्रिल-मेमध्ये कूलर रात्रंदिवस चालतो आणि साचवलेल्या युनिटची गरज लागते. नेमके त्याच्या तोंडावर खाते पुसले जाते. समजा पाच महिन्यांत 300 युनिट साचले. 3 रुपयांनी 900 रुपये जमा झाले. तेच 300 युनिट मे महिन्यात 10 रुपयांनी घेतले तर 3,000 रुपये गेले. 2,100 रुपयांचा फरक केवळ तारखेने पडला.

आपण शेतकऱ्याला कापड उधार देतो तेव्हा कापूस घरात येईपर्यंत वही उघडी ठेवतो. पोळ्याला वसुली लावली तर उधारी बुडेल आणि गिऱ्हाईकही. हवा पाहून वही मिटवावी हे जिल्ह्यातल्या लहान दुकानदारालाही कळते. विजेच्या खात्याची वही सप्टेंबरअखेर मिटली, तर हिवाळ्याची शिल्लक उन्हाळ्यात कामी येईल आणि कंपनीलाही एक पैसा जास्त रोख द्यावा लागणार नाही. घरगुती ग्राहकांसाठी एवढी सुधारणा मागणे रास्त आहे.

आपण काय करावे

पहिले, संच गरजेपुरताच बसवावा. मागच्या बारा महिन्यांची बिले काढून वर्षाच्या युनिटची बेरीज करावी. 1 किलोवॅट वर्षाला साधारण 1,400 युनिट देते. वापरापेक्षा मोठा संच बसवून वीज विकू, हा हिशेब आजच्या नियमांत बसत नाही.

दुसरे, दिवसा वापरलेले युनिट सर्वांत किमती. त्याला कोणताही नियम लागत नाही. पाण्याची मोटर, धुलाई, इस्त्री ही कामे दुपारी उरकावीत. दुकानाचे मीटर वेगळे असेल तर त्याचा हिशेब वेगळा, आणि वरचे अनुदान दुकानाला नाही.

तिसरे, दर महिन्याला मीटरवरचे घेतलेले आणि दिलेले युनिट वहीत टिपून बिलाशी ताडून पाहावेत. मागील शिल्लक पुढे आली की नाही हे जरूर बघावे. चूक असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर नागपूरचे विद्युत लोकपाल असा रस्ता आहे.

चौथे, दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग लोकांकडून सूचना व हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणीही घेतो. तेथे मोठे कारखानदार वकील घेऊन जातात, लहान घरमालकाचा कागद क्वचितच पोहोचतो. व्यापारी संघटनांनी आणि मोहल्ला कमिट्यांनी वरचा तारखेचा मुद्दा एका पानावर, आपल्या बिलांच्या नकला जोडून, पुढच्या वेळी अवश्य पाठवावा.