खातरजमा

विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, भार चालू असताना करंट ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम वेटोळे कधीही उघडे का ठेवू नये, असा प्रश्न आला होता, आणि आकृतीसह, समीकरणांसह मी लिहिलेल्या उत्तरास पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्यानंतर पाच महिने लोटले नसतील, तोच एका कारखान्याच्या मुख्य पॅनेलमागे उभा राहून, भर पाळीत, तेच वेटोळे मी माझ्या हाताने उघडे केले. उत्तरपत्रिकेत जे ज्ञान माझे होते ते हाताचे झालेले नव्हते, हे ज्या क्षणी मला कळले त्या क्षणाचा निळसर उजेड इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हललेला नाही. औद्योगिक प्रशिक्षणास निघालेल्या तरुणांना तो दुरूनच दिसावा, जवळून पाहण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

ही 1976 सालची गोष्ट. आमच्या पदवी अभ्यासक्रमात अंतिम वर्षापूर्वीची एक सहामाही कारखान्यात काढण्याची अट होती, आणि त्यासाठी पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या विद्युत विभागात मी रुजू झालो. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. समोर आलेला कागद साधा दाखल्याचा असो की वारसाच्या नोंदीचा, मूळ दप्तर काढून खातरजमा केल्यावाचून त्यांची लेखणी सहीसाठी उचलली जात नसे, आणि लहानपणापासून घरात कानी पडलेला हा शब्द, समीकरणे सोडविण्यात प्रवीण झालेल्या मला, कचेरीच्या संथ आणि भित्र्या कारभाराची खूण वाटू लागला होता. कारखान्यात ज्या वायरमनच्या हाताखाली मला दिले होते त्यांना सारे अण्णा म्हणत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आणि अनुभव वीस वर्षांचा. त्यांना मी विचारावे आणि त्यांनी सांगावे, हाच त्या सहामाहीचा हेतू होता. परंतु इंजिनिअर होणाऱ्याला एवढेही ठाऊक नाही, असे कोणी म्हणेल या धास्तीने पहिल्या महिन्यात मी एकही प्रश्न विचारला नाही, आणि जे समजत नव्हते त्यावरही समजल्याची मान हलवीत राहिलो. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या मान हलविण्यात आहे.

मुख्य पॅनेलवरील एका अँपिअर-मीटरचा काटा अडकू लागला होता. अण्णा सामान आणण्यासाठी स्टोअरकडे निघाले आणि जाताना, "मी येईस्तोवर आकडे लिहून ठेवा, मागच्या बाजूला हात घालू नका," असे बजावून गेले. भिंतीवर विजेचा धक्का बसलेल्या माणसास शुद्धीवर आणण्याच्या कृतीचा तो सचित्र तक्ता होता, जो लावणे 1956 च्या भारतीय वीज नियमांनी आवश्यक केले होते. पॅनेलवर धोक्याची लाल पाटी होती. पायाखाली रबराची चटई होती. एखाद्यास सावध करण्यासाठी जे जे करता येते ते सारे तेथे केलेले होते. परंतु करंट ट्रान्सफॉर्मरकडून, म्हणजे सीटीकडून, मीटरकडे येणाऱ्या तारा बारीक होत्या, त्यांतला प्रवाह पाच अँपिअरांच्या आतला होता, आणि शेजारच्या जाड बसबारमधून शेकडो अँपिअर वाहत असताना त्या तारा मला अगदी निरुपद्रवी भासल्या. अण्णा येण्यापूर्वी मीटर काढून दाखवावा, अशी इच्छा मनात आली. मी स्क्रू सैल करून तार ओढली मात्र, तार आणि टोक यांच्यामध्ये निळसर ज्वाळेची एक अखंड जीभ उभी राहिली, सीटीमधून कर्कश घरघर सुरू झाली आणि माझी दोन बोटे भाजली. कोणाच्या तरी ओरडण्याने अण्णा धावत आले, त्यांनी मुख्य ब्रेकर पाडला, आणि सारा कारखाना अंधारून स्तब्ध झाला.

कारण मी उत्तरपत्रिकेत लिहिले होते तेच होते. सामान्य ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू उघडली की प्राथमिक बाजूचा प्रवाह आपोआप घटतो. सीटीचे तसे नाही. त्याच्या प्राथमिक बाजूने कारखान्याच्या भाराचा प्रवाह जातो, आणि दुय्यम बाजू उघडी आहे की मिटलेली, याची त्या प्रवाहास पर्वा नसते. दुय्यम वेटोळ्यातला प्रवाह प्राथमिकाच्या चुंबकीय बळास जवळजवळ पुरा तोलून धरीत असतो. तो थांबला की ते सारे बळ गाभ्यास चुंबकित करण्यात लागते, गाभा संपृक्त होतो, आणि उघड्या टोकांवर, मोठ्या सीटीत तर हजारो व्होल्टांपर्यंत, दाब उसळू शकतो. म्हणून मीटर काढण्यापूर्वी ती दोन टोके एकमेकांस जोडून सीटी शॉर्ट करून घ्यावयाचा असतो. अण्णा स्टोअरमध्ये गेले होते ते नेमके त्यासाठीच लागणारी जोडतार आणावयास.

"हे तुमच्या पुस्तकात असेल की," माझ्या बोटांवर पाणी ओतताना अण्णा म्हणाले. "होते," मी म्हणालो. त्याहून अधिक बोलवेना.

संध्याकाळी माझ्याकडून लेखी जबाब मागण्यात आला. खोलीवर बसून मी केलेल्या पहिल्या मसुद्यात, स्क्रू आधीपासूनच सैल होता, असे एक वाक्य होते. ते वाक्य खोटे होते, आणि ते खरे मानले गेले असते तर पॅनेलच्या देखभालीचा सारा ठपका अण्णांवर आला असता. मध्यरात्रीच्या सुमारास मी तो कागद फाडला आणि घडले तसे लिहून दिले. शिक्षा म्हणून महिनाभर मला कोणत्याही पॅनेलला हात लावण्याची मनाई झाली, आणि त्या मुदतीत संपूर्ण कारखान्याचा सिंगल-लाइन आराखडा माझ्या हाताने काढण्याचे काम मला देण्यात आले. ही शिक्षा माझ्या सहा महिन्यांतील सर्वांत मोठी शिकवण ठरली.

म्हणून प्रशिक्षणार्थी मित्रांना माझे पहिले सांगणे असे, की जे काम मला शिक्षा म्हणून मिळाले ते तुम्ही पहिल्या आठवड्यात आपण होऊन मागून घ्या. बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यापासून ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, बसबार, फीडर असे करीत शेवटच्या मोटरपर्यंत चालत जा, केबल कोठून निघते आणि कोठे पोहोचते ते डोळ्यांनी पाहा, आणि मगच ते कागदावर उतरवा. प्रत्येक यंत्राची नावपट्टी वाचा. तिच्यावर 1440 फेरे लिहिलेले दिसले की चार ध्रुवांच्या मोटरीची 50 हर्ट्झला 1500 फेऱ्यांची समकालिक गती आणि त्यातून चार टक्क्यांची स्लिप, हे वर्गातले गणित तुमच्यासमोर फिरत असलेले तुम्हांस दिसेल. कारखान्याचे वीजबिल पाहावयास मागा. पॉवर फॅक्टर आणि कमाल मागणी या संज्ञांचा व्यावहारिक अर्थ तेथे रुपयांत लिहिलेला असतो.

दुसरे, वीज बंद आहे असे कोणी सांगितले म्हणून ती बंद मानू नका. पुरवठा तोडा, तो परत कोणी चालू करू नये म्हणून तेथे स्वतःचे कुलूप आणि पाटी लावा, टेस्टर प्रथम चालू पुरवठ्यावर लावून तो धड असल्याचे पाहा, मग कामाच्या जागी तपासा, आणि त्यानंतर पुन्हा एकदा चालू पुरवठ्यावर तोच टेस्टर तपासा. कारण मधल्या वेळी बिघडलेला टेस्टर मृत तारेविषयी आणि जिवंत तारेविषयी एकच साक्ष देतो. एवढ्यानेही काम संपत नाही. कपॅसिटर पुरवठा तुटल्यावरही आपला साठा धरून बसतात. हल्ली सर्वत्र दिसणाऱ्या ड्राइव्हमध्ये 415 व्होल्टांच्या पुरवठ्यावर आतील एकदिश दाब सुमारे 585 व्होल्टांचा असतो, आणि स्विच बंद झाल्यानंतरही तो काही काळ तेथेच राहतो. निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबा, मग मोजा.

तिसरे, विचारा. पहिल्या महिन्यात विचारलेला प्रश्न कोणास खटकत नाही. सहाव्या महिन्यात उघडे पडलेले अज्ञान मात्र सर्वांस खटकते. वायरमन, फिटर, पाळीचे सुपरवायझर यांच्याजवळ जे ज्ञान आहे ते बहुधा कोठेही लिहिलेले नसते, म्हणून रोज रात्री नोंदवही भरा आणि तीत, आज मला काय समजले नाही, यासाठी एक रकाना ठेवा. माझ्या वहीतला तो रकाना अंतिम वर्षी संरक्षण-यंत्रणेचा विषय शिकताना एकेक करून भरत गेला, आणि तोच विषय पुढे माझ्या नोकरीचा विषय झाला.

चौथी गोष्ट सांगताना मन जड होते. कोणाच्या ओळखीने, कारखान्यात पाऊलही न टाकता, प्रशिक्षणाचा दाखला मिळविण्याची वाट आमच्या काळी होती आणि आजही ती बुजलेली नाही. आज इंटर्नशिपला श्रेयांक मिळतात, म्हणून तर हा मोह अधिकच वाढण्याची भीती आहे. तसा दाखला घेणाऱ्याने आपल्या आयुष्यातला तो एकमेव काळ गमावलेला असतो, ज्यात अनुभवी माणूस शेजारी उभा असताना चूक करण्याची मुभा होती. पुढे नोकरीत तीच चूक होईल तेव्हा ब्रेकर पाडावयास धावणारे अण्णा जवळ असतीलच असे नाही, आणि त्या तारेशी कदाचित आपल्या हाताखालचा एखादा मुलगा उभा असेल.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडिलांनी माझी बोटे पाहिली आणि मी त्यांस सारे सांगितले, फाडलेल्या कागदासह. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प राहून त्यांनी एवढेच विचारले, "त्या अण्णांच्या सेवापुस्तकात काही शेरा पडला नाही ना? तू खातरजमा केलीस का?"

मी केलेली नव्हती. खरे लिहून दिले एवढ्यानेच माझे कर्तव्य संपले, असे मी गृहीत धरले होते. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी, पाळी सुरू होण्यापूर्वी, मी कारखान्याच्या कार्यालयात जाऊन विचारले. शेरा नव्हता. ते ऐकल्यावर मगच मी अण्णांपुढे जाऊन उभा राहिलो, आणि त्या दिवसापासून विचारू लागलो.