मुगा : ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील रेशीम पतंग

सोनेरी मुगा रेशीम देणारा अँथेरिया असामेन्सिस हा पतंग प्रामुख्याने ब्रह्मपुत्रेचे खोरे व लगतच्या टेकड्यांत आढळतो. आसामच्या मुगा रेशमास २००७ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. सोम व सोआलू या वृक्षांची पाने हे त्याच्या अळीचे मुख्य खाद्य होय. अंडी, अळी, कोष व पतंग हे जीवनचक्र उन्हाळ्यात सुमारे ५० दिवसांत, तर हिवाळ्यात सुमारे १२० दिवसांत पूर्ण होते. वर्षात पाच-सहा पिढ्या होत असल्या, तरी व्यापारी उत्पादन मुख्यतः जेठुवा व कटिया या दोनच हंगामांत मिळते. विद्यार्थ्यांनी येथे एक भेद लक्षात घ्यावा. तुतीचा रेशीमकिडा घरात वाढविला जातो. मुगाची अळी मात्र उघड्यावर, झाडावरच चार वेळा कात टाकते. साहजिकच अतिवृष्टी, पक्षी आणि शेजारच्या चहामळ्यांतील कीटकनाशकांची फवारणी यांमुळे संगोपकाचे हातचे पीक जाऊ शकते.